पिनांत भरलेलं वंगण

लढाईच्या वर्षांत चिखलीत मोटारीचं ग्रीस सहज मिळत नसे. अमडापूरकडच्या एका जमीनदाराची मोटार माझ्याकडे दुरुस्तीला यायची. पुढची चाकं ज्या उभ्या पिनांवर वळतात, त्यांत मी बैलगाडीचं वंगण भरलं: एरंडेल आणि जळक्या कडब्याची राख. गाडीच्या कण्याला चालतं, मग इथं का नाही? कुणाला सांगितलं नाही.

पंधरवड्यात त्यांचा ड्रायव्हर मोटार घेऊन आला. माझ्याहून मोठा, पाच लेकरांचा बाप.

"स्टेअरिंग लय जड झालं बे. वळणावर गाडी ऐकत नाही."

मागे जमीनदार बसले होते. "गाडी जड झाली का तू म्हातारा झाला? पाह्य बे मिस्तरी. गाडीत दोष नसला, तर उद्यापासून याले सुट्टी."

मी टायरमधली हवा पाहिली. बरोबर होती. पुढचा भाग जॅकवर उचलला. जमिनीचा भार गेल्यावर चाकं हलकी वळायला हवीत. वळेनात. मग स्टेअरिंगकडून येणारा दांडा सोडवला. स्टेअरिंगचं चाक एका बोटानं फिरलं. म्हणजे दोष खाली, पिनांतच. पिनांच्या कडेला माझ्याच वंगणाचा काळा, घट्ट, खवट वासाचा थर आला होता. तो मी बोटानं पुसला आणि बोट पायजम्याला.

दांडा जोडून म्हणालो, "मालक, गाडीले काही नाही झालं. भाऊच्या हातात दम नाही राह्यला."

"वर उचललं तरी चाक वळत नोतं, पाह्यलं ना तू?" ड्रायव्हर म्हणाला. "काऊन खोटं बोलून राह्यला?"

जमीनदार हसले. "आता दमणी हाक. बैल तरी तुह्यं ऐकतीन."

मीही हसलो. ते हसू आठवलं की अजून मला माझीच किळस येते.

ड्रायव्हरनं किल्ली मालकाला दिली नाही, माझ्या हातात ठेवली आणि चालत निघून गेला. मोटार माझ्याकडेच राहिली. त्याच दुपारी मी पिना घासलेटनं धुतल्या, मोटारस्टँडवरून मागून आणलेलं ग्रीस भरलं. आधी मागितलं असतं, तर आधीही मिळालं असतं.

नव्या ड्रायव्हरनं एका हातानं गाडी वळवली. "पाह्यलं? माणूस बदलला की गाडी हलकी," जमीनदार चारचौघांत म्हणाले. त्यांनी दिलेलं पान मी खाल्लं.

जुन्या ड्रायव्हरला पुन्हा कुणी मोटार दिली नाही. बापाचे हात गेले होते, असंच त्याची मुलंही सांगतात. मागच्या महिन्यात थोरल्याच्या घरी गेलो होतो, हेच सांगायला. चहा पिऊन उठलो.

त्याच्या बापाचे हात धड होते. गाडी मी बिघडवली होती.