क्लिफ ट्रेलोरचं नाव

मर्व ट्रेलोरने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही आणि कुणाला सरळ उत्तरही दिलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या ब्रोकन हिलमध्ये कुणालाही विचारा, हेच सांगेल. चाळीस वर्षं त्याने खाणीत वेल्डिंग केलं, लग्न केलं नाही, आणि उरलेला सगळा वेळ एका पिवळ्या फोर्ड गाडीत घातला.

ती गाडी म्हणजे ‘कोरडा मैल’मधली. जग बुडाल्यावर पेट्रोलसाठी एकमेकांच्या नरडीला लागणाऱ्या माणसांचे ते तीन सिनेमे, तिन्ही आमच्याच लाल मातीत झाले, अडतीस वर्षांपूर्वी. तिसऱ्यात ही गाडी नाल्यावरून उडी मारते. जगभरातल्या वेड्यांना ती उडी तोंडपाठ आहे. उडी कुणी मारली म्हणून विचारा, सगळे सांगतील, हिरोने. हिरो कसला डोंबलाचा! तो तंबूत पंख्याखाली पडला होता. गाडीत होता मर्वचा थोरला भाऊ क्लिफ. शेवटी नावांची रांग सरकते त्यात स्वयंपाक्याचं नाव आहे, क्लिफचं नाही. क्लिफ त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही, पण टीव्हीवर तो सिनेमा लागला की शेवटचं नाव सरकेपर्यंत खुर्चीतून उठायचा नाही. तीन वर्षांपूर्वी तो गेला.

म्हणून ‘कोरडा मैल’च्या नव्या, चौथ्या सिनेमाची माणसं गाडी मागायला आली तेव्हा मर्वने भाडं घेतलंच नाही. एकच अट घातली, शेवटी क्लिफचं नाव आलं पाहिजे. त्यांच्यात फिलिपा नावाची लंडनची बाई होती, तिने मान डोलावली. मर्वने त्याच दिवशी क्लिफच्या बायकोला, डोरीनला, जाऊन सांगितलं. डोरीनने अख्ख्या खानदानाला सांगितलं.

शनिवारी दुपारी पहिला खेळ लागला. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आणि ‘कोरडा मैल’च्या चाहत्यांच्या मंडळाचे सभासद जुन्या टायरचे खांदे लावून, कातडी जाकिटं घालून घामाने निथळत आलेले. नव्या सिनेमासाठी अडतीस वर्षं थांबले होते बिचारे. डोरीन निळा झगा घालून मर्वच्या शेजारी बसली.

दहा मिनिटांत कुरबुर सुरू झाली.

“अरे, ही माती आपली नाहीये!” मागून मंडळातला बार्नी ओरडला. “ही कुठली पिवळट रेती? कुठल्या देशात जाऊन काढलाय हा?”

“हिरोचं जाकीट उजव्या बाहीला फाटलेलं होतं,” मंडळाची चिटणीस व्हर्ना अंधारातच वहीत खरडत होती. “ह्याची डावी फाटलीये. सोळावी चूक.”

मग पिवळी गाडी पडद्यावर आली, इंजिन गरजलं, आणि थिएटरात बॉम्ब पडल्यासारखं झालं.

“होल्डन!” बार्नी उभाच राहिला. “फोर्डच्या पोटात होल्डनचा आवाज घातलाय! शरम नाही वाटत?”

“खाली बस रे टायरवाल्या, दिसत नाहीये!”

आमच्याकडे फोर्ड गाडीवाले आणि होल्डन गाडीवाले एकमेकांत सोयरीक करत नाहीत, तिथे हे! मर्वलाही एरवी रक्त उसळलं असतं. पण आज त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. कधी एकदा सिनेमा संपतोय, असं त्याला झालं होतं.

संपला. नावं सरकू लागली. बाकीचे तणतणत बाहेर गेले, मर्व आणि डोरीन बसून राहिले. शेकड्यांनी नावं. कुत्रा सांभाळणाऱ्याचं नाव आलं. तळाशी एक ओळ आली, ‘गावातल्या सर्व नागरिकांचे आभार’. मग काळा पडदा, आणि झाडूवाली आत आली.

मर्व बाहेर आला, थेट फूटपाथवरूनच त्याने फिलिपाला फोन लावला. ती सिडनीत होती, सिनेमाच्या समारंभाला.

“मिस्टर ट्रेलोर, मी मार्चमध्ये तुम्हाला फोनवर विचारलं होतं,” ती गोड आवाजात म्हणाली. “यादी फार लांबतेय, एकेक नाव घेण्याऐवजी सगळ्या गावाचे आभार मानले तर चालेल का? तुम्ही ‘हो’ म्हणालात. माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

“मी ‘हो, नाही’ म्हणालो होतो!”

“तेच ना. हो. नाही, काही हरकत नाही.”

आता काय सांगणार त्या बाईला? आमच्याकडे ‘हो’ म्हणजे ऐकलं बाबा तुझं, उत्तर असतं ते पुढचं ‘नाही’. इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. समोरच्याला एकदम तोंडावर तोडायचं नाही म्हणून आधी ‘हो’ चिकटवायचा, ही आमची रीत. मार्चमध्ये लंडनच्या बाईने पहिला शब्द उचलला होता आणि फोन ठेवला होता.

“आता बदलता येईल का?” त्याने विचारलं.

“सिनेमा जगभर लागलाय, मिस्टर ट्रेलोर.”

तेवढ्यात व्हर्ना वही नाचवत आली. “एकतीस चुका! पत्र पाठवतेय कंपनीला. मर्व, तुझी काय तक्रार? इंजिनचं लिहू?”

“खड्ड्यात गेलं तुझं इंजिन!” मर्व ओरडला. चाळीस वर्षांत त्याला ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. बार्नीच्या हातातला सॉसेज रोल अर्धवटच राहिला.

डोरीन जवळ येऊन उभी राहिली. “काय म्हणाली ती?”

त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. डोरीनचा चेहरा लालबुंद झाला.

“नुसतं ‘नाही’ म्हणता येत नव्हतं तुला? दोन अक्षरं, मर्व! तिला वाईट वाटेल म्हणून? आणि माझं काय? पोरांना मी काय सांगू?”

“मी चुकलो, डोरीन.”

“चुकलास! मोठा आलाय चुकणारा!”

तिच्या पर्समधला फोन वाजला. अ‍ॅडलेडहून तिची नात टेगन होती. डोरीनने नाव बघितलं आणि फोन मर्वच्या हातात कोंबला. “तूच बोल.”

“आजी! आम्ही अजून थिएटरातच आहोत,” टेगन धापा टाकत बोलत होती. “अकरा जण आलोय. बाबांनी कामावर रजा टाकली. अगं, नावं इतकी भराभर गेली की आजोबांचं कुणालाच दिसलं नाही. बाबा म्हणतात आपल्याच नजरेतून सुटलं. आम्ही लगेच पुढच्या खेळाची तिकिटं काढतोय. प्रत्येकाने पडद्याचा एकेक भाग बघायचा, असं ठरवलंय. आजी, कुठल्या बाजूला येतं गं नाव? डावीकडे की उजवीकडे?”

“टेगन, मी मर्वआजोबा बोलतोय,” तो म्हणाला. “तिकिटं काढू नका, बाळा.”