न तपासलेला उणे एक

लिफ्टमध्ये फिनेलचा वास आला की कोलशेतचं ते ऑफिस आठवतं. तिथे एके दिवशी आमच्या प्रोग्रॅमला नोंदींची फाईल उघडताच आली नव्हती. सिस्टीमने तसं सांगायला उणे एक परत दिलं, ते न तपासता प्रोग्रॅम लिहीतच राहिला आणि ग्राहकाच्या दिवसभराच्या नोंदी गेल्या. “एवढंही तपासता येत नाही? उद्यापासून येऊ नकोस,” मॅनेजर माझ्या मैत्रिणीवर सर्वांदेखत ओरडला. काम तिच्या नावावर होतं, पण प्रोग्रॅममधल्या त्या ओळी मी लिहिल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टाइप करत राहिलो. डबा उचलताना ती म्हणाली, “चालू दे रे तुझं.” गेल्या महिन्यात ती वारली. कोपरला तिच्या घरी भेटायला गेलो तेव्हा तिच्या आईने विचारलं, “तिला का काढलं रे, तुला ठाऊक असेल ना?” मी नाही म्हणालो.