बिल्ल्यावरचा आकडा

दवाखान्यात तिला सगळे एक्सरेवाल्या बाई म्हणत. बारा वर्षं ती दिवसभर एकच वाक्य बोलत आली होती: "श्वास रोखा, हलू नका." घरी मुलाच्या शर्टाची बटणं लावतानाही ते तोंडातून निघून जाई.

कामावर छातीशी बिल्ला लावावा लागे. अंगावर किती किरण पडले ते तो मोजतो. दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. तिला पाचवा महिना असताना बिल्ल्याचा आकडा फुगून आला. तिने लिहून दिलं, की बिल्ला शिशाच्या एप्रनवरच राहिला आणि एप्रन दोन दिवस एक्सरेच्या खोलीत टांगलेला होता. खरंच तसं झालं होतं का, हे तिला लिहितानाही नक्की आठवत नव्हतं.

मुलगा झाला तो आखूड हातापायांचा. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत असं नाही. त्या यंत्रापाशी उभं राहायची हौस कुणाला होती?" तो आकडा तिने घरात कुणालाच सांगितला नव्हता.

मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर नवरा-बायको जनुकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिने बिल्ल्याची हकिगत सांगून टाकली. नवऱ्यालाही ती नवीच होती.

"पाचव्या महिन्यात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा बदल मुलाच्या प्रत्येक पेशीत आहे. म्हणजे गर्भ राहिला तेव्हाच तो होता. तुमचा बिल्ला फार उशिरा आला."

"मग झालं कसं?"

"पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची नक्कल होते. तीन अब्ज अक्षरं. चुका दुरुस्त करायची सोय असते, तरी एखादं अक्षर निसटतं. आपल्या प्रत्येकात अशी पन्नास-साठ नवी अक्षरं असतात, बहुतेकांनी काही बिघडत नाही. हे नेमकं हाडांच्या वाढीत आलं. आणि हा बदल जवळजवळ नेहमी बापाच्या बीजपेशीत होतो. पुरुषांत नकला जन्मभर चालूच असतात."

नवऱ्याने घसा साफ केला. "मी काय केलं होतं?"

"काही नाही."

घरी सासूबाई मटार सोलत होत्या. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"माझ्याकडून आलं, आई," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी दोन शेंगा सोलल्या. "असू दे. होतं असं कधीकधी."

"हे सहा वर्षांपूर्वी म्हणाला असतात, तर बरं झालं असतं, आई," ती म्हणाली.

"तेव्हा कुठे माहीत होतं?" म्हणत सासूबाईंनी निम्म्या शेंगा तिच्यापुढे सरकवल्या.