बैलाच्या हाडावरचा निळा रंग

मांडवगणात नदीकाठच्या रानात पाइपलाइनसाठी चारी खणताना आमच्या जुन्या बैलाची हाडं निघाली. वडिलांनी, म्हणजे आबांनीच तो तिथं पुरला होता. हाडांवरची पांढरट भुकटी संध्याकाळपर्यंत चक्क निळी झाली.

"पोळ्याचा रंग हाय त्यो," आबा म्हणाले.

मी भूगर्भशास्त्र शिकलोय, मला राहवेना. हे व्हिवियानाइट, दुर्मिळ खनिज. पाणथळ चिखलातलं लोह हाडातल्या फॉस्फेटला मिळालं की तयार होतं, आणि हवा लागली की निळं पडतं. आबांनी जांभई दिली.

"पण आबा, रंग तुम्ही शिंगांना लावायचा. हे तर पायाचं हाड."

आबा वैतागले. "रंगवताना त्यो कवा गप उभा राहिलाय?"