अर्जदार क्रमांक ४१७ आणि प्रोहास्काचे दोन कान

अर्जदाराचे नाव: टोलेफसन, आर्डिथ मे. वय: एकोणसाठ. शिक्षण: बारावी उत्तीर्ण, दाखल्याची प्रत जोडली आहे. चारित्र्य: दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या पत्रांनुसार चांगले. संसर्गजन्य रोग: नाही. गुन्हेगारी पार्श्वभूमी: नाही. श्रवणयंत्र विक्रीचा पूर्वानुभव: लागू नाही.

शेवटच्या रकान्यात आर्डिथने आधी ‘एकोणतीस वर्षे’ असं लिहिलं होतं. राज्याच्या परवाना मंडळातून एका बाईंचा फोन आला.

“तो रकाना नव्या अर्जदारांसाठी नाही,” त्या म्हणाल्या.

“पण मी नवी कुठे आहे?”

“तुमचा परवाना संपून नव्वद दिवस उलटलेत. नव्वद दिवसांनंतर माणूस नवा होतो.”

असं फुकटात नवं होता येतं हे एकोणसाठाव्या वर्षी कळलं तर कुणालाही बरं वाटावं. आर्डिथला वाटलं नाही. मेन स्ट्रीटवर बँक आणि बंद पडलेलं सिनेमागृह यांच्यामध्ये तिचं दुकान होतं. तिथून तिने दोन पिढ्यांना कानाची मशीनं बसवली होती. सगळ्यात जवळचा दुसरा परवानाधारक एकशे दहा मैलांवर, आणि तोही फक्त मंगळवारी. आता हिला पुन्हा परीक्षा द्यायची होती, लेखी आणि प्रात्यक्षिक. नापास झाली तर दुकान बंद.

हे झालं कसं, तर काउंटीमुळे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कारभारामुळे. दोन वर्षांपूर्वी रुग्णवाहिकेला घरं चटकन सापडावीत म्हणून काउंटीने सगळ्यांचे पत्ते बदलले. आर्डिथचं घर ‘टपाल मार्ग दोन, पेटी चौदा’ होतं ते ‘३१७०, ओ ॲव्हेन्यू’ झालं. ॲव्हेन्यू म्हणजे मक्याच्या दोन शेतांमधला खडीचा रस्ता. आर्डिथने नवा पत्ता बँकेला कळवला, चर्चला कळवला, बियाण्यांच्या कॅटलॉगवाल्यांनाही कळवला. मंडळाला कळवायचं राहिलं. नूतनीकरणाचं पत्र जुन्या पत्त्यावर आलं. त्यावर छापलं होतं, ‘पुढे पाठवू नये, परत करावे.’ पोस्टातल्या बर्नाडीनने ते नियमाप्रमाणे परत केलं आणि त्याच दुपारी आर्डिथकडे येऊन आपल्या मशीनची नळी बदलून घेतली. पत्राचा विषय तिने काढला नाही. दुसऱ्याच्या टपालाबद्दल बोलणं पोस्टाच्या शिस्तीत बसत नाही.

लेखी परीक्षा आर्डिथने ऑगस्टमध्ये दिली. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. दोन गुण कुठे गेले ते मंडळ सांगत नाही. अडचण होती ती प्रात्यक्षिकाची. नियम सहाप्रमाणे अर्जदाराने सोबत एक ‘जिवंत नमुना’ आणायचा होता: वय अठरा पूर्ण, दोन्ही कान शाबूत, कानात मळ नाही, पूर्वी कधी श्रवणयंत्र वापरलेलं नाही, आणि ऐकू येणं सर्वसाधारण असल्याचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र.

असा कान गावात शिल्लक नव्हता. त्याला कारण आर्डिथच. एकोणतीस वर्षं तिने काम चोख केलं होतं. ज्याला कमी ऐकू येत होतं त्याला तिने मशीन बसवलं होतं, आणि ज्याला नीट ऐकू येत होतं तो नोकरीसाठी शहरात निघून गेला होता. पाद्रीबुवांच्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई नवव्या महिन्यात, आणि दीडशे मैलांच्या प्रवासाला त्यांच्या नवऱ्याची ना. बँकेतला नवीन मुलगा तयार होता, पण परीक्षा गुरुवारी आणि बँकेतही माणूस एकच.

हा विषय सकाळच्या कॉफीला सहकारी सोसायटीच्या टेबलावर निघाला तेव्हा ड्यूई प्रोहास्काने पेला खाली ठेवला. ड्यूईने सोसायटीच्या धान्य कोठारावर एकेचाळीस वर्षं काढली होती. मका वाळवायच्या पंख्यांशेजारी उभं राहून तो ट्रक मोजत असे.

“मी येतो की,” ड्यूई म्हणाला. “माझे कान अगदी कोरे करकरीत आहेत.”

“ड्यूई, तू गेली वीस वर्षं माझं दुकान टाळायला रस्ता ओलांडतोस,” आर्डिथ म्हणाली.

“ओलांडणारच. धडधाकट माणसाने तुझ्याकडे कशाला यायचं?”

“तुझी बायको म्हणते, तुला हाका मारून तिचा घसा बसतो.”

“लोरेटा पुटपुटते. सगळं प्रोहास्का खानदान जाणतं. तिला जरा तोंड उघडून बोलायला सांग, मग बघ.”

टेबलावरचे बाकीचे सहाजण हसले. सहाही आर्डिथची गिऱ्हाइकं होती, तेव्हा सगळ्यांना सगळं ऐकू आलं होतं.

आर्डिथला शंका नव्हती असं नाही. पण दुसरा कान नव्हता, आणि परीक्षा बारा दिवसांवर आलेली. तिने ड्यूईच्या कानात दिवा घालून पाहिलं. आतून कान अगदी देखणा होता. ऐकू किती येतं ते दिव्याने दिसत नाही. तपासून बघू का, असं तिने विचारलं नाही. परवाना नसताना तपासणं गुन्हा आहे हे कारण तिने स्वतःला दिलं, आणि ते खरंही होतं. ड्यूईने बँकेतल्या नोटरीसमोर हात वर करून आपल्याला सर्वसाधारण ऐकू येत असल्याची शपथ घेतली. नोटरीला प्रश्न दोनदा विचारावा लागला. नोटरी पुटपुटतो, असं ड्यूई नंतर म्हणाला.

राज्याच्या राजधानीत परीक्षा एका हॉटेलच्या तळघरातल्या सभागृहात होती. परीक्षार्थी नऊ, नमुने नऊ, तपासणीसाठी आत बसायच्या काचेच्या पेट्या तीन. परीक्षक मिस्टर पेल्टियर उंच आणि नीटनेटके होते. त्यांनी सगळ्यांना उभं करून सूचना वाचून दाखवल्या.

“नमुने सर्वसाधारण कानांचे आहेत. त्यामुळे सर्व सुरांवर पंचवीस डेसिबल किंवा त्याखालचा आकडा ग्राह्य धरला जाईल. त्यावरचा आकडा ही अर्जदाराची मोजण्यातली चूक समजली जाईल. प्रश्न?”

प्रश्न नव्हते. आर्डिथच्या शेजारचा तरुण तक्त्यात पेन्सिलीने हलकेच वीस, वीस, पंधरा असे आकडे घालून बसला होता. त्याचा नमुना अजून कोट काढत होता.

आधी कानाचा साचा घ्यायचा होता. आर्डिथने कापसाचा बोळा दोऱ्याला बांधून कानात नेमका वळणापलीकडे बसवला, करंगळी ड्यूईच्या गालफडावर टेकवली, म्हणजे माणूस दचकला तरी हात कानाबरोबर हलतो, आणि मग गुलाबी लगदा सोडला. चार मिनिटांनी साचा बाहेर आला तो एकही सुरकुती नसलेला. पेल्टियरसाहेबांनी तो उजेडात धरला.

“आधी कधी केलंय?” त्यांनी विचारलं.

“लागू नाही,” आर्डिथ म्हणाली.

त्यांनी पूर्ण गुण दिले.

मग पेटी. ड्यूई आत बसला, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं, बाहेर दिवा लागतो. खालचे सूर झाले, दिवा वेळेवर लागत होता. हजार हर्ट्झपर्यंत वीस-वीस डेसिबल. दोन हजारांवर दिवा पंचविसाला लागला. चार हजारांवर आर्डिथ पंचविसाला थांबली. ड्यूई काचेतून तिच्याकडे बघून हसला. शपथेवर आलेला माणूस हसतो तसा. तीस. पस्तीस. चाळीस. ड्यूई हसतच होता. पंचावन्नाला दिवा लागला.

पेल्टियरसाहेब तिच्यामागे उभे होते.

“पुन्हा मोजायची मुभा आहे,” ते म्हणाले.

तिने पुन्हा मोजलं. डाव्या कानाला पंचावन्न, उजव्याला पन्नास.

“मिसेस टोलेफसन, नमुन्याचं प्रतिज्ञापत्र आमच्याकडे आहे. कायद्याने त्यांना ऐकू येतं.”

“कायद्याने येत असेल. चार हजारांवर येत नाही.”

“मग ही चूक कुणाची धरायची?”

“कानाची.”

“कानाला गुण नाहीत,” पेल्टियरसाहेब म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. “आकडा अजून तुमच्या हातात आहे. मी तक्ता बघतो, पेटी बघत नाही.”

आर्डिथने पेन्सिल उचलली. शेजारचा तरुण केव्हाच कोट घालून निघून गेला होता. तिच्यापुढे दुकान होतं, बर्नाडीनची नळी होती, मंगळवारी एकशे दहा मैल जाऊ न शकणारी चाळीस-पन्नास माणसं होती. वीस लिहायला जितका वेळ लागतो तितकाच पंचावन्न लिहायला लागतो. मात्र एकदा वीस लिहिलं की हा माणूस तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावणार, आणि लोरेटा मरेपर्यंत पुटपुटणारी ठरणार. राज्याच्या शिक्क्यासह.

तिने पंचावन्न लिहिलं. तिचा पाच जरा मोठाच येतो.

परतीच्या वाटेवर दोघं एका ढाब्यासारख्या जागी थांबले. चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, घेतली, आणि चिलीबरोबर खायचा दालचिनीचा रोल. ड्यूईने रोल चिलीत बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“ती पेटी बिघडलेली असेल,” तो म्हणाला.

“असेल. पण तुझ्याआधी त्याच पेटीत दोघं बसून गेले.”

“तू वीस लिहिलं असतंस तर?”

“तर तुला वीसला ऐकू आलं असतं का?”

“मला नाही. पण तुला परवाना मिळाला असता.”

आर्डिथने फटाफट तीन चमचे चिली खाल्ली.

“आर्डिथ.”

“बोल.”

“म्हणजे लोरेटा पुटपुटत नाही.”

“नाही.”

“कधीच नाही?”

“तुमच्या लग्नात प्रार्थनागीत म्हणाली होती ते शेवटच्या बाकावर ऐकू आलं होतं. तू तिच्या शेजारीच उभा होतास.”

ड्यूईने रोल खाल्ला. “वीस वर्षं मी तिला सांगतोय, तोंड उघडून बोल,” तो म्हणाला. “ती आता खरंच तोंड आ करून बोलते. मला वाटायचं, चिडून करते.”

“चिडूनच करत असेल.”

“तिला तू सांगशील?”

“मला परवाना नाही,” आर्डिथ म्हणाली. “तू सांग.”

मंडळाचं पत्र तीन आठवड्यांनी नव्या पत्त्यावर आलं. अर्जदार क्रमांक ४१७, साचा: उत्कृष्ट. श्रवण तपासणी: अनुत्तीर्ण, नोंदवलेले आकडे ग्राह्य मर्यादेबाहेर. पुढील परीक्षा मार्चमध्ये, नव्या नमुन्यासह. तोवर अर्जदाराने श्रवण तपासणी करू नये, साचे घेऊ नयेत, तसेच शिफारशीने द्यावयाची श्रवणयंत्रे बसवू वा विकू नयेत.

आर्डिथने दुकानाच्या दारावर ‘बंद’ची पाटी लावली आणि सवयीने कॉफीला गेली. ड्यूई त्या दिवशी आलाच नव्हता. पाद्रीबुवांनी हवामानाचा विषय काढून पाहिला, तो दोन वाक्यांत संपला.

घरी येऊन तिने पत्र परत वाचलं. परीक्षेला बसल्यापासून तिला नियम शब्दन् शब्द वाचायची खोड लागली होती, आणि एका शब्दाशी ती थांबली. ‘शिफारशीने द्यावयाची.’ तिने मंडळाला फोन लावला. त्याच बाई होत्या.

“शिफारशीशिवायची असतात ती? डब्यात येतात ती?”

“वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने परवान्यातून मोकळी केलेली? हलक्या आणि मध्यम बहिरेपणाची?”

“तीच.”

“ती आमच्याकडे येत नाहीत.”

“मग कुणाकडे येतात?”

“कुणाकडेच नाही,” बाई म्हणाल्या. “ती नुसती येतात.”

आर्डिथने चाळीस डबे मागवले आणि ‘बंद’ची पाटी काढली. पहिल्याच शनिवारी प्रोहास्का नवरा-बायको आली. आर्डिथने कानाला हात लावला नाही. ती मागे हात बांधून उभी राहिली आणि कुठला भाग कुठे जातो ते तोंडाने सांगत गेली, आणि लोरेटाने ते ड्यूईच्या कानात बसवलं. दुसऱ्या प्रयत्नात बसलं.

“ऐकू येतंय का रे?” लोरेटाने हळूच विचारलं.

“ओरडतेस काय,” ड्यूई म्हणाला.

डब्याच्या झाकणावर छापलेलं आहे: तपासणीची गरज नाही. हे डबे विकायला आमच्या राज्यात परवाना लागत नाही.