आर्व्हिडची आवाजाची पानं

आर्व्हिड टोर्गरसन आमच्या उत्तर मिनेसोटातल्या कॉलेजात लहान इंजिनं शिकवायचे. बर्फावरच्या गाड्या, होडीच्या मोटारी, गवत कापायची यंत्रं. बिघाड कसा ओळखायचा ते तोंडाने आवाज काढून दाखवत. पेट्रोलमध्ये पाणी गेलेली मोटार त्यांच्या घशातून अशी खोकायची की पोरं पोट धरून हसायची, आणि तो बिघाड पुन्हा कधी विसरायची नाहीत.

त्या वसंतात त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. जूनमध्ये स्वरयंत्र काढायचं ठरलं. ऑनलाइन कोर्सची पानं बनवायला शिक्षकांना मदत करणं हे माझं काम. टोपी हातात धरून ते माझ्या टेबलाशी आले.

"ब्रिटा, तुला त्रास द्यायचा नव्हता, पण पानावर माझा आवाज चिकटवता येतो का गं?"

"येतो की. वर मजकूर, मग फोटो, त्याखाली आवाज."

"बरं झालं. डॉक्टर म्हणतात, पुढे मला बायकोशी भांडताही येणार नाही. ती खुशीत केक आणायला गेलीय."

मी एक पान करून दाखवलं. पुढची त्यांनी स्वतःच केली, थेट पानावरच आवाज रेकॉर्ड करून. वाटेत भेटले की सांगायचे, "आज साखळीची करवत झाली. शेजाऱ्याचा कुत्रा घाबरून पळाला." मदत हवी का विचारलं की म्हणायचे, "छे, तू तुझी कामं कर."

ऑगस्टमध्ये परतले तेव्हा श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकावर रुमाल होता आणि हातात छोटी पांढरी पाटी. माझ्या शेजारी बसून त्यांनी लिहिलं, 'पानं दिसत नाहीत.'

मी कोर्स उघडला. रिकामा.

"आर्व्हिड, पानं केलीत कुठे?"

'सरावाच्या वर्गात. खऱ्यात काही बिघडवलं असतं तर? नंतर हलवणार होतो.'

सरावाचे वर्ग म्हणजे शिक्षकांचा हात बसावा म्हणून दिलेले रिकामे ऑनलाइन कोर्स. उन्हाळी सत्र संपलं की ते आपोआप पुसले जातात. सूचना सगळ्यांना मेलने गेली होती. तेव्हा आर्व्हिड नळीतून जेवत होते. यंत्रणा सांभाळणाऱ्यांना मी फोन लावला.

"खरा कोर्स असता तर परत आणून दिला असता हो," तिकडची बाई म्हणाली. "सरावाची प्रत आम्ही ठेवतच नाही."

"काहीच करता येणार नाही?"

"नाही हो. वाईट वाटतं."

आर्व्हिडनी माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. पाटी पुसली. मग लिहिलं, 'सोमवारी वर्ग आहे. नवं पान उघड.'

'पेट्रोलमध्ये पाणी.' कारण, उपाय, त्यांनी सगळं भराभर टाइप केलं. 'असा आवाज ऐका' इथे आले आणि थांबले. 'खक् खक् फुस्स' लिहिलं, खोडलं. मग माइक माझ्याकडे सरकवला.

मी तो आवाज किती वेळा ऐकला होता. खोकून दाखवलं. त्यांनी मान हलवली, नाही. मी पुन्हा खोकले. नाही. त्यांनी डोळे मिटले, ओठ जुळवले, छाती फुगवली, आणि रुमालाखालून नुसती हवा सुटली. तिसऱ्यांदा मी निम्म्यातच थांबले.

त्यांनी माझ्या हातातला माउस घेतला, 'असा आवाज ऐका' ही ओळ पुसली आणि पान मुलांसाठी खुलं केलं.