तेलाची वाटी आणि दारातला आवाज

भूत, नजर, करणी यांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझा संशय आजवर जिवंत माणसांवरच गेलाय... त्यातही सासूबाईंवर जरा जास्त.

घर भातकुलीला, झेंडूची शेती. मुलगी दोन महिन्यांची होती. श्वास घेताना तिच्या घशातून किर्र किर्र आवाज यायचा. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ आहे, श्वासासोबत आत ओढला जातो. बाळ वाढेल तसा तो घट्ट होईल. मांडीवर पालथी धरली की आवाज कमी होईल. पण नाकात तेल अजिबात नको... छातीत उतरलं तर जिवावर बेतेल."

सासूबाईंनी मान डोलावली. पण त्यांनी आंघोळ घातली की पोरीच्या नाकपुड्या तेलकट दिसायच्या. विचारलं तर, "मी काहून घालू वं? माही नात हाय न ते!"

"तुम्ही घालताच" असं तोंडावर म्हणायची माझी हिंमत नव्हती. जीव मात्र टांगणीला. म्हणून एका सकाळी पावडरच्या डब्यामागे मोबाइल लपवला, व्हिडिओ सुरू केला आणि शेतात गेले. दसऱ्याची तोडणी होती, दहापर्यंत तीन बायांसोबत फुलं तोडत होते.

परत येऊन खोलीचं दार लावून व्हिडिओ पाहिला. आंघोळ झाली. सासूबाईंनी वाटीत बोट बुडवलं, नाकाजवळ नेलं, आणि दाराकडून आवाज आला, "आई, नाकात तेल नका घालू. पालथी घ्या तिले."

सासूबाई दचकल्या. वाटी ठेवली, पोरीला मांडीवर पालथं घेतलं. किर्र किर्र कमी झाली.

दारातून आलेला आवाज माझा होता!

व्हिडिओचं न सांगता विचारलं, "आई, आज तेल घातलं का?"

त्यांचे डोळे भरले. "पुन्हा काहून इचारतं? तूच त दारातून बोलली. मांगं पाह्यलं त तू गेली होती. लाज वाटली मले, माय. आता नाई घालत."

आणि खरंच, पुन्हा घातलं नाही.

तोडणीच्या बाया म्हणतात, मी शेतातून हललेच नाही. नवरा म्हणतो, दुसऱ्याच कुठल्यातरी दिवशीचा व्हिडिओ असेल. पोरगी आता दोन वर्षांची आहे. तिच्या घशातला किर्र किर्र आवाज डॉक्टर म्हणाले तसा आपोआप गेला. त्याचं कारण मला कळतं.

व्हिडिओचं नाही कळत. ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते, पण सासूबाईंसमोर एकदाही बोलले नव्हते. मग बोललं कोण?